कंडिशन झिरो: काउंटर-स्ट्राइकच्या दुर्लक्षित भावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काउंटर-स्ट्राइक या पोलिस विरुद्ध दहशतवादी अशा बंदूकबाजीच्या कॉम्प्युटर गेमचा विषय निघाला की आपल्याकडं हमखास त्याच्या १.६ या जुन्या आवृत्तीचं नाव निघतं. नव्या पोरांच्या तोंडी सीएस टू, म्हणजे नवा काउंटर-स्ट्राइक २ असतो. कंडिशन झिरो मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसतो. लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर अशा सगळीकडच्या खेळणाऱ्यांकडून मला या गेमबद्दल परत परत तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मला हा गेम मनापासून आवडतो आणि त्याच्यावर अन्याय झालाय असं माझं ठाम मत आहे. उत्तरं वाचताना ते जाणवेलच.

कंडिशन झिरो म्हणजे नेमका कोणता गेम?

मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेममध्ये फेरफार करून बनवलेला मॉड म्हणजे काउंटर-स्ट्राइक. व्हॉल्व्ह कंपनीनं तो हाती घेतला आणि २००० मध्ये रीतसर बाजारात आणला. कंडिशन झिरो हा त्याच मालिकेतला पुढचा गेम. तो मार्च २००४ मध्ये आला. इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर चालतो तो सॉफ्टवेअरचा सांगाडा, जुनंच, १.६ चं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नव्या इंजिनवरचा काउंटर-स्ट्राइक: सोर्स आला आणि सगळ्यांच्या नजरा तिकडं वळल्या. कंडिशन झिरोला नवा गेम म्हणून मिरवायला जेमतेम आठ महिने मिळाले.

भाऊ, हे तर १.६ च आहे की. मग वेगळं काहून खेळायचं?

बंदुका त्याच, पैशाचा हिशोब तोच, बॉम्ब आणि ओलिसांचे डावही तेच. एके-४७ चा झटका हाताला तसाच लागतो. पण तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे मॅप, म्हणजे डाव खेळायच्या जागा. डस्ट, डस्ट २, इन्फर्नो, इटली, ऑफिस, ॲझटेक हे जुने मॅप नव्यानं रंगवून घेतलेत. भिंतींचे पोत, दारं-खिडक्या, आकाश सगळं सुधारलंय. रस्ते ओळखीचे आहेत, त्यामुळे १.६ खेळलेला माणूस बिचकत नाही. शिवाय शातो, हवाना, एअरस्ट्रिप, स्टेडियम, फास्टलाइन, व्होस्टोक असे मॅप आहेत. त्यातले शातो आणि हवाना पुढं सोर्समध्येही गेले.

दुसरी म्हणजे दोन नवे गट: पोलिसांकडून रशियाचे स्पेट्सनाझ आणि समोरून मिडवेस्ट मिलिशिया. खेळावर याचा काही परिणाम नाही, नुसते कपडे वेगळे.

तिसरी गोष्ट बॉटची, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः चालवतो त्या खेळाडूंची. खरा गेम तिथंच आहे. बाकी सगळं नसतं तरी मी नुसत्या बॉटसाठी कंडिशन झिरो खेळलो असतो.

एवढा चांगला आहे तर मग मागं का पडला?

कारण तो ज्या गोष्टीसाठी जाहीर झाला होता, ती गोष्ट शेवटी त्यात मुख्य राहिलीच नाही.

२००१ मध्ये घोषणा झाली तेव्हा सांगितलं होतं की काउंटर-स्ट्राइक आता एकट्यानं खेळता येईल. काम आधी रोग एंटरटेनमेंटकडं होतं, मग गिअरबॉक्सकडं गेलं, मग रिच्युअल एंटरटेनमेंटकडं. रिच्युअलनं त्याला कथेच्या अंगानं नेलं: ठरलेली मोहीम, ठरलेल्या जागी ठरलेले शत्रू, तू एकटा पुढं चालत राहा. २००३ मध्ये गेम पूर्ण झाल्याचं जाहीर होऊन समीक्षकांकडं प्रतीही गेल्या. त्यांना तो फारसा रुचला नाही. व्हॉल्व्हनं तयार गेम मागं घेतला आणि टर्टल रॉक स्टुडिओज या छोट्या कंपनीकडं काम सोपवलं. टर्टल रॉकनं कथा बाजूला ठेवली आणि खुद्द काउंटर-स्ट्राइकच बॉटसोबत खेळता येईल असा गेम नव्यानं बांधला.

निर्णय धाडसी होता आणि माझ्या मते शंभर टक्के बरोबर होता. पण तोवर तीन वर्षं गेली होती. डूम ३, हाफ-लाइफ २ यायच्या बेतात होते आणि कंडिशन झिरोचं इंजिन १९९८ च्या हाफ-लाइफचं. समीक्षकांनी चित्रं जुनी म्हणून गुण कापले, समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर सरासरी १०० पैकी ६५ वर अडकली. १.६ खेळणारे म्हणाले आमच्याकडं माणसांसोबत ऑनलाइन खेळायला सर्व्हर आहेत, आम्हाला बॉट कशाला? नव्यांना सोर्स हवा होता. दोन्हीकडून राहिला.

अमेरिका-युरोपात ही टीका समजण्यासारखी होती. तिथं बऱ्याच घरांत चांगलं इंटरनेट आलेलं होतं. आपल्याकडचं चित्र निराळं होतं, आणि म्हणूनच आपण तरी या गेमकडं त्यांच्या चष्म्यातून बघू नये.

म्हणजे मराठवाड्याशी याचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. २००४-०५ चा काळ आठवा. तालुक्याच्या गावी नेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं डायल-अप. एक पान उघडायला चहा पिऊन व्हायचा, तिथं परदेशातल्या सर्व्हरवर काउंटर-स्ट्राइक खेळणार कसं? खेळायचं तर सायबर कॅफेत, नाहीतर इंजिनिअरिंगच्या होस्टेलात वायर टाकून. पण कॅफेत पाच-सहा कॉम्प्युटर, त्यातही दोन बंद. पाच विरुद्ध पाच असा पुरा डाव जमायला दहा गडी लागायचे आणि दुपारी कॅफेत असायचे तिघं. वर लोडशेडिंग. लाइट गेली की सगळा डाव मोडायचा, आणि लाइट यायच्या वेळेला पोरं ट्यूशनला गेलेली असायची.

कंडिशन झिरोत या सगळ्या अडचणींवर उत्तर होतं. तिघं असाल तर सात बॉट घ्या. एकटे असाल तर नऊ घ्या. लाइट आली की सुरू करा, कुणाची वाट बघायची गरज नाही. लातूरला बारावीच्या ट्यूशनसाठी खोली करून राहिलेली कितीतरी पोरं, ज्यांना कॅफेत जायला ना वेळ होता ना रोज द्यायला पैसे, ती रूममेटच्या एका कॉम्प्युटरवर हाच गेम आळीपाळीनं खेळायची. जिथं नेट नव्हतं, तिथवर काउंटर-स्ट्राइक पोचवण्याचं काम या गेमनं केलं. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी त्याचं नाव निघायला पाहिजे.

टूर ऑफ ड्यूटी म्हणजे काय? त्यात करायचं काय असतं?

हा मुख्य प्रकार. तुम्ही कायम पोलिसांच्या बाजूनं खेळता. सोप्यापासून एक्सपर्टपर्यंत चार पातळ्या आहेत. प्रत्येक मॅपवर किमान तीन राउंड जिंकायचे आणि समोरच्यापेक्षा दोन राउंडांनी पुढं असायचं. आता इथवर काही विशेष नाही. पण त्याच वेळी तुम्हाला ठराविक कामंही पुरी करायची असतात: अमुक बंदुकीनं एवढे टिपा, हेडशॉट मारा, फ्लॅश या झगमगाटी बॉम्बनं डोळे दिपलेल्या शत्रूला मारा, ठरलेल्या सेकंदांच्या आत राउंड जिंका.

या कामांमुळे माणूस आपल्या सवयीतून बाहेर पडतो. आपल्यापैकी बहुतेक जण आयुष्यभर एम४, एके आणि एडब्ल्यूपी या बंदुकांपलीकडं जात नाहीत. टूर ऑफ ड्यूटी तुम्हाला शॉटगन घ्यायला लावतं, मग कळतं की इन्फर्नोच्या अरुंद गल्लीत शॉटगनसारखं हत्यार नाही. फ्लॅश कुठं आणि कधी टाकायचा हे मला कुठल्याही मित्रापेक्षा या कामांनी जास्त नीट शिकवलं.

आणि सगळ्यात सुंदर भाग म्हणजे साथीदार निवडणं. तुमच्याकडं मोजके गुण असतात आणि प्रत्येक बॉटची किंमत ठरलेली असते. प्रत्येकाचं कौशल्य, सहकार्य आणि हिंमत वेगवेगळी दाखवलेली असते, आवडती बंदूकही. गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत वर्गणीच्या पैशात बाहेरचा एकच तगडा गडी आणायचा की दोन बरे आणायचे यावर जशी रात्रभर चर्चा चालते, तसाच हा पेच असतो. महागडा नेमबाज घेतला तर बाकीचे तीन हलके घ्यावे लागतात. कामं पुरी होतात तसे गुण वाढतात आणि चांगले साथीदार परवडायला लागतात.

माझा सल्ला: कौशल्यापेक्षा सहकार्याचा आकडा बघा. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

बॉट माझं ऐकतच नाहीत. काय करू?

आधी त्यांच्याशी बोलायला शिका. झेड, एक्स आणि सी या तीन कळांवर रेडिओचे तीन मेन्यू आहेत. १.६ मध्ये आपण ते गंमत म्हणून वाजवायचो. इथं बॉट त्या आज्ञा खरंच पाळतात.

डस्ट २ वर पोलिसांकडून एक राउंड असा खेळून बघा. सुरुवातीलाच झेड आणि ५ दाबा: माझ्या मागं या. दोघं-तिघं होकार देतात आणि मागं धावायला लागतात. त्यांना बी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीवर न्या. पेट्यांच्या मागं पोचलात की झेड आणि ३ दाबा: इथंच थांबा. ते आडोसा शोधतात, कुणी कोपरा धरतो, कुणी खाली बसतो, बंदुकीच्या नळ्या बोगद्याच्या तोंडाकडं. आता तुम्ही मोकळे. दारातून बाहेर पडून मिडकडं, म्हणजे मॅपच्या मधल्या भागाकडं नजर टाका. थोड्या वेळात रेडिओवर मागचा बॉट सांगतो की शत्रू दिसला. तो बीवरच आहे, म्हणजे बॉम्ब कुठून येतोय ते तुम्हाला कळलं. परत फिरता तोवर गोळीबार सुरू झालेला असतो. बोगद्यातून येणाऱ्यांचं सगळं लक्ष पेट्यांकडं असतं आणि तुम्ही दारातून, त्यांच्या बाजूनं आत शिरता. नुसतं नेम धरून हा राउंड निघाला नसता, माणसं लावून निघाला.

सहकार्य कमी असलेला बॉट साफ नकार देतो. काही जण तर एखाद्या राउंडला पूर्ण मनमानी करतात, ना बॉम्बचं बघतात ना तुमचं. तो दोष नाही, मुद्दाम दिलेला स्वभाव आहे. राउंड हरत गेलात की त्यांचा धीरही खचतो. साध्या सामन्यात हा स्वभाव नको असेल तर कन्सोलमध्ये, म्हणजे गेममधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘अलाऊ रोग्स’ची बॉट-आज्ञा शून्यावर ठेवा. मी मात्र ती चालूच ठेवतो. कुणीतरी न ऐकणारा संघात असला की डाव खरा वाटतो.

बॉट भिंतीआडून बघतात का? चीटिंग करतात असं वाटतं.

नाही करत. धुरापलीकडचं त्यांना दिसत नाही, फ्लॅशनं त्यांचे डोळे दिपतात आणि ते आवाज ऐकून येतात. तुम्ही पळत गेलात की पावलं ऐकू जातात आणि बॉट आधीच बंदूक रोखून बसलेला असतो. शिफ्ट दाबून सावकाश जा, फरक लगेच कळेल. एक्सपर्ट पातळीवर त्यांचा नेम फार जहाल आहे हे मान्य, पण त्यांना जे कळतं ते कानांनी आणि डोळ्यांनीच कळतं.

त्या काळातले फुकट मिळणारे बरेचसे बॉट एक तर आंधळ्यासारखे भिंतीला धडकायचे किंवा तुम्ही वळायच्या आत डोक्यात गोळी घालायचे. टर्टल रॉकच्या बॉटला चालता येणारी जमीन, लपायच्या जागा, धोक्याचे कोपरे असा मॅपचा सगळा नकाशा माहीत असतो. तुम्ही बाहेरून आणलेला नवा मॅप टाकला तर पहिल्यांदा गेम थांबतो आणि बॉट तो मॅप शिकतायत अशी पट्टी दिसते. जुन्या कॉम्प्युटरवर याला बराच वेळ लागतो. गेम हँग झाला समजून बंद करू नका. एकदा शिकून झालं की ते एका फाइलमध्ये साठतं, पुढच्या वेळी थांबावं लागत नाही. कॅफेतले आपले लाडके आइसवर्ल्ड, पूल डे, एडब्ल्यूपी इंडिया असे मॅपही असे चालवता येतात.

१.६ मध्येही एच दाबलं की बॉट येतात. मग?

ते बॉट मुळात कंडिशन झिरोचेच. १.६ च्या डब्यात बॉट नव्हते. लोकांनी इथून काढून तिकडं बसवले, आणि आपल्या कॅफेत जी कॉपी फिरायची तिच्यात ते आधीच घातलेले असायचे. म्हणजे ज्यांनी कंडिशन झिरोचं नावही ऐकलं नाही, त्यांनीही अर्धा कंडिशन झिरो खेळलेला आहे.

बॉटला आपल्या मित्रांची नावं देता येतात का?

येतात, आणि द्याच. गेमच्या फोल्डरमध्ये बॉटप्रोफाइल नावाची डीबी फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडते. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. खाली स्क्रोल केलं की प्रत्येक बॉटची नोंद दिसेल: आधी त्याचा साचा, म्हणजे पातळी आणि बंदुकीची आवड, मग नाव. साच्याला हात न लावता फक्त नाव बदला आणि सेव्ह करा. वरच्या साच्यांमध्ये कौशल्य, आक्रमकपणा, सहकार्य, प्रतिक्रियेचा वेळ असे आकडे आहेत. जमलं तर तेही बदलून बघा.

आमच्या रूमवर हा उद्योग फार चालायचा. जो सतत कोपऱ्यात कॅम्प करायचा, म्हणजे दबा धरून बसायचा, त्याचं नाव कमी आक्रमक बॉटला, जो बी साइटवर एकटाच घुसायचा त्याचं नाव सगळ्यात आक्रमक बॉटला. मग स्क्रीनवर कुणाचं नाव पडलं की खोलीत ओरडा: “काय करायलास बे, कव्हर दे की!” नोकऱ्या लागून सगळे पुणे-हैदराबादला पांगल्यावरही माझ्या फाइलमध्ये तीच नावं होती. अजून आहेत.

डिलीटेड सीन्स खेळण्यासारखं आहे का?

रिच्युअलनं बनवलेल्या त्या मागं घेतलेल्या मोहिमा टाकून न देता या नावानं सोबत दिल्या. बारापेक्षा जास्त आहेत. बाकी काउंटर-स्ट्राइकमध्ये कुठं नाहीत अशा वस्तू हातात येतात: एम६० मशिनगन, रॉकेट लाँचर, दाराखालून डोकवायचा कॅमेरा, लोखंड कापायचा ब्लोटॉर्च. जपानमधली हंकागाई मोहीम मला विशेष आवडते.

पण खरं सांगायचं तर ते सलग बसून खेळण्यासारखं नाही. शत्रू ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या वेळी उगवतात. दुसऱ्यांदा खेळताना काही नवं उरत नाही. टूर ऑफ ड्यूटीत तोच मॅप शंभरदा खेळा, प्रत्येक राउंड निराळा. दोन्ही लागोपाठ खेळून बघितलं की व्हॉल्व्हनं शेवटच्या क्षणी गाडी का वळवली ते आपोआप कळतं.

हा गेम कधी स्पर्धेत खेळला गेला का?

हो. २००४ ची वर्ल्ड सायबर गेम्स ही गेमिंगची जागतिक स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोला झाली, तिच्यात काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा कंडिशन झिरोवर झाली होती. पण स्पर्धा खेळणाऱ्यांची पसंती १.६ लाच राहिली.

पुढं याचा काही वारसा राहिला का?

भरपूर. टर्टल रॉकचे मायकेल बूथ आणि त्यांची मंडळी ऑफिसात बॉटवर प्रयोग करायची. मोजक्या माणसांच्या हातात बंदुका आणि समोर नुसते चाकू घेतलेले ढिगानं बॉट, असा एक डाव त्यांनी खेळून बघितला आणि त्यात विलक्षण मजा आली. त्या डावातूनच लेफ्ट ४ डेड हा गेम उभा राहिला, २००८ मध्ये. चौघांनी एकमेकांना धरून राहायचं आणि झुंडी अंगावर घ्यायच्या, ही त्याची सगळी मांडणी या बॉटच्या पायावर आहे. दुसरीकडं नेक्सॉन या कोरियन कंपनीनं काउंटर-स्ट्राइक ऑनलाइन काढला, तोही कंडिशन झिरोवरच बेतलेला, आणि पूर्व आशियात तो जोरात चालला. ज्याला लोक फसलेला गेम म्हणतात त्याची पिलावळ एवढी मोठी आहे.

माझा कॉम्प्युटर जुना आहे. चालेल का?

चालेल. किमान ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ९६ एमबी रॅम आणि १६ एमबीचं ग्राफिक्स कार्ड एवढंच तो मागतो. ऑफिसच्या कामाला घेतलेल्या साध्या लॅपटॉपवरही पळतो.

कुठं मिळेल? जुनी सीडी आहे, ती चालेल का?

कॅफेतून कॉपी करून आणलेल्या सीड्यांचा नाद सोडा. व्हायरसची भीती आहेच, आणि आता गेम विकत घ्यायची सोय हाताशी आहे. व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात तो आजही मिळतो आणि सेल लागतो तेव्हा फार स्वस्तात मिळतो. घेताना त्या पॅकमध्ये काय काय येतं ते बघून घ्या. डाउनलोडपुरतं नेट लागतं. नंतर स्टीम ऑफलाइन ठेवून शेतातल्या घरी बसूनही खेळता येतं. २०१३ मध्ये तो मॅक आणि लिनक्सवरही आला.

माझा मुलगा आठवीत आहे. मोठ्या भावाचं बघून हाच गेम मागतोय. देऊ का?

ताई, आठवीतल्या मुलाला नको. गेमसाठी वय ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ईएसआरबी या संस्थेनं याला १७ वर्षांपुढच्यांसाठी ठरवलंय आणि ते योग्यच आहे. रक्त दिसतं, माणसं माणसांना मारतात. एक गोष्ट मात्र याच्या बाजूची: मोबाइलवरच्या आजच्या गेमसारखं यात पैसे खर्चायला लावणारं दुकान नाही आणि बॉटसोबत खेळताना अनोळखी माणसाच्या शिव्या कानावर येत नाहीत. मोठा मुलगा खेळत असेल तर त्याच्या शेजारी बसून एखादा राउंड बघा.

मी मालिकेत नवीन आहे. सुरुवात कशी करू?

टूर ऑफ ड्यूटी, नॉर्मल पातळी. सोपी पातळी घेऊ नका, तिच्यात बॉट इतके सावकाश गोळी झाडतात की वाईट सवयी लागतात. पहिल्या निवडीत सहकार्य जास्त असलेले दोघं घ्या. झेड-५ आणि झेड-३ एवढे दोनच रेडिओ आठवडाभर वापरा. आणि पैसे शिल्लक असताना पहिली खरेदी चिलखत आणि फ्लॅशची करा, बंदूक नंतर.